आवाज आणि अर्थ : जॅनेट बेकर ऐकताना

संगीतातील सौंदर्याविषयीच्या आपल्या १८५४ सालच्या ग्रंथात एदुआर्द हान्सलिक या समीक्षकाने ग्लुकच्या 'ऑर्फिओ'मधील एका गीतासंबंधी एक अडचणीचा मुद्दा मांडला आहे. युरिडिसी दुसऱ्यांदा हरपल्यावर ऑर्फिओ जे गीत गातो, त्याची सुरावट प्रसन्न अशा मेजर सप्तकातली आहे. 'मी तिला गमावले' या आशयाच्या शब्दांऐवजी 'मला ती गवसली' या आशयाचे शब्द तेथे घातले, तर ही सुरावट त्यांनाही तितकीच शोभेल, असे तो दाखवून देतो. भावना हा संगीताचा आशय नव्हे, हे त्याला सिद्ध करायचे होते. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र यातून वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्या गीताचे शब्द कागदावर वाचले, तर ते दोन-तीन साधे प्रश्न आहेत. असे शोकोद्गार कोणत्याही भाषेत शेकड्यांनी सापडतील. सुरावटीत शोक नाही आणि शब्दांतला शोक सामान्य आहे. तरीही ऐकणाऱ्याच्या घशाशी आवंढा येतो. मग हा शोक कोठे वसतो?

या प्रश्नाची सोबत मला अनेक वर्षे आहे, आणि ती जॅनेट बेकर या ब्रिटिश गायिकेच्या आवाजामुळे आहे. त्यांचा आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या उंच आणि खालच्या आवाजांच्या मधला. ऑपेराच्या संकेतव्यवस्थेत नायिका बहुधा सोप्रानो असते. मेझोच्या वाट्याला आई, प्रतिस्पर्धिनी, चेटकीण किंवा पुरुषवेषातला तरुण येतो. यॉर्कशरमध्ये १९३३ साली जन्मलेल्या, लीड्सच्या एका बँकेत नोकरी करीत समूहगायनात गाणाऱ्या या मुलीने १९५३ साली लंडन गाठले आणि १९५६ साली कॅथलीन फेरिअर पारितोषिकाच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. पुढे पर्सेलची डायडो, हँडेलचा ज्यूलिअस सीझर, दोनीझेत्तीची मेरी स्टुअर्ट अशा भूमिका त्यांनी केल्या. बेंजामिन ब्रिटनने 'फीड्रा' ही रचना त्यांच्यासाठीच केली. ती १९७६ साली ऑल्डबरा येथे प्रथम सादर झाली. या सर्व काळात बेकर यांनी पियानोच्या साथीने होणारी कवितागायनाची मैफलही तितक्याच निष्ठेने सांभाळली. माझ्या दृष्टीने त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा या दुहेरीपणात आहे. ऑपेरात गायिका पात्र होते. मैफलीत वेष नसतो, प्रसंग नसतो, उरते केवळ संहिता आणि तिचा वाचक.

'वाचक' हा शब्द मी येथे जाणूनबुजून योजतो आहे. शामिसोच्या कवितांवर शूमानने १८४० साली रचलेली आठ गीतांची माला एका स्त्रीचे प्रेम आणि आयुष्य यांविषयी आहे. ही स्त्री पुरुषाने लिहिली आणि पुरुषानेच स्वरबद्ध केली. प्रियकराच्या पायाशी स्वतःला वाहणारी ही नायिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गायिकेने कशी गावी? उपरोधाने गावे, तर गीत मोडते. निमूट गावे, तर गायिका खोटी ठरते. बेकर यांनी मार्टिन इसेप यांच्या साथीने केलेल्या ध्वनिमुद्रणात मला तिसरा मार्ग दिसतो. त्या नायिकेच्या मताला दुजोरा देत नाहीत, तिच्या एकाकीपणाला देतात. त्यामुळे शेवटच्या गीतात पती मरण पावतो आणि आवाज थांबून पियानो एकटाच पहिल्या गीताकडे परततो, तेव्हा ही स्त्री प्रथमपासूनच एकटी होती की काय, असा संशय मनात येतो. हा अर्थ शामिसोच्या शब्दांत आहे असे म्हणता येणार नाही, आणि तो शब्दांना धरून नाही असेही नाही.

याच दोघांनी ५ जानेवारी १९७५ रोजी मिनीआपोलिस येथे डॉमिनिक आर्जेन्टो यांची नवी गीतमाला प्रथम सादर केली. तिचे शब्द व्हर्जिनिया वुल्फच्या रोजनिशीतले होते. येथेही गीते आठ. १९१९ च्या नोंदीपासून १९४१ च्या अखेरच्या नोंदीपर्यंत. या रचनेला त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथेही शेवट आरंभाकडे वळतो. फरक असा की, शूमानच्या मालेत परतण्याचे काम पियानो करतो, तर येथे रोजनिशी कशी असावी हा पहिल्या नोंदीतला प्रश्न घेऊन आवाजच परततो. शूमानची नायिका मुकी होते, वुल्फ पुन्हा विचारती होते. ही दोन्ही आयुष्ये एकाच आवाजातून गेली, ही मला केवळ संगीताच्या इतिहासातली नोंद वाटत नाही. स्त्रीप्रतिमेच्या समीक्षेने ज्यावर ग्रंथ लिहिले, ते येथे गाऊन मांडले गेले आहे.

रोलाँ बार्थने १९७२ सालच्या आपल्या निबंधात आवाजाच्या पोताचा विचार मांडला. फिशर-डिस्काऊच्या गाण्यात त्याला भावनेचे चोख संप्रेषण दिसले, पण देह दिसला नाही. पाँझेराच्या उच्चारात मात्र भाषेचाच देह ऐकू आला. ही विभागणी मार्मिक आहे, परंतु बेकर ऐकताना ती मला अपुरी वाटते. त्यांच्या गाण्यात व्यंजने ठसठशीत आहेत, श्वास जाणवतो, आणि तरीही प्रत्येक उच्चार अर्थाच्या दिशेने झुकलेला आहे. ऑर्फिओच्या त्या गीतात तेच शब्द आणि तीच सुरावट तीनदा येते. माझ्या कानाला पहिल्या वेळी तो प्रश्न वाटतो, दुसऱ्या वेळी स्वतःशीच केलेली कुजबुज, आणि तिसऱ्या वेळी उत्तर मिळणार नाही हे कळल्यावरचा आकांत. हान्सलिकची सुरावट बदललेली नाही, शब्दही बदललेले नाहीत. बदलतो तो बोलणाऱ्याचा त्या शब्दांशी असलेला संबंध. शोक या संबंधात वसतो, असे माझे उत्तर आहे.

हे उत्तर मला सौंदर्यशास्त्रापेक्षा वर्गात अधिक निकडीचे वाटत आले. कविता शिकवताना ती मोठ्याने वाचण्याची माझी रीत होती. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही वाचता तेव्हा कविता कळते, वसतिगृहात मी वाचते तेव्हा ती गप्प असते. मग अर्थ कवितेत आहे की तुमच्या वाचनात?" संहितेच्या स्वायत्ततेचा पाठ देऊन तिचे समाधान झाले नसते. मी तिला तीच कविता वाचायला सांगितली. तिने वाचली ती माझी कविता नव्हती. पण कवीची नव्हती असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.

वाचनाला हा जो अधिकार मिळतो, त्याची मुदत असते. ज्यांच्या नावाचे पारितोषिक बेकर यांना मिळाले, त्या कॅथलीन फेरिअर यांचे पायाचे हाड ६ फेब्रुवारी १९५३ रोजी कॉव्हेन्ट गार्डनमध्ये ऑर्फिओ गात असतानाच मोडले; तरीही त्यांनी प्रयोग पुरा केला. ते त्यांचे अखेरचे गाणे ठरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्करोगाने त्या गेल्या. बेकर यांनीही ऑपेराचा निरोप ऑर्फिओनेच घेतला. ग्लाइंडबोर्न येथे १७ जुलै १९८२ रोजी झालेल्या त्या प्रयोगाच्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ होते, आणि आवाज शाबूत होता. एकीवर शेवट कोसळला, दुसरीने तो निवडला. मैफली त्यानंतरही काही वर्षे चालू राहिल्या. वुल्फची रोजनिशी गाणाऱ्या या गायिकेने ऑपेरातल्या आपल्या अखेरच्या हंगामाची रोजनिशी लिहिली आणि ती १९८२ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, हेही अर्थपूर्ण आहे.

आवाज शाबूत असताना थांबणे, हे मला विवेचक कृत्य वाटते. ऑर्फिओ मागे वळून पाहतो, कारण गमावण्याची कल्पना त्याला सोसत नाही. जे आपले आहे ते आपलेच राहावे हा त्याचा हट्ट त्याला भोवतो. संहितेशी नाते जोडणाऱ्या प्रत्येकापुढे, गायक, शिक्षक किंवा समीक्षक असो, हाच मोह उभा असतो. आपण लावलेला अर्थ हाच तिचा अर्थ, अशी भावना वाढत्या वयाबरोबर घट्ट होत जाते. बेकर यांनी स्वरलेखन पुढच्या आवाजासाठी मोकळे करून ठेवले. माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढे कोणती कविता कशी वाचली, हे मला ठाऊक नाही; ते मला ठाऊक असण्याची गरजही नाही.