झड, डबकं आणि कोरडा दिवस

आमच्या लहानपणी पाऊस दिवसांत मोजायचे. ‘किती पडला?’ असं कुणी विचारत नसे, ‘किती दिवस लागला?’ असं विचारत. आता मोबाइलवर मंडळनिहाय मिलिमीटर येतात, तेही दशांशासकट. आकडा कळतो, झड मात्र क्वचितच लागते.

झडीचे गोडवे गाण्याआधी खरं सांगून टाकलेलं बरं. झड म्हणजे धाब्याच्या घराला चार ठिकाणी गळती, ओल्या गोवऱ्यांनी धुपणारी चूल आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. रात्री कुठेतरी धप्प आवाज व्हायचा आणि आजी अंथरुणातूनच म्हणायची, ‘बसली कुणाची तरी भिंत.’ आज स्लॅबखाली झोपून झडीसाठी हळहळणं सोपं आहे.

पण झडीनं आम्हाला खदान दिली होती. घरं सारवायला, लिंपायला माती खणून खणून गावाबाहेर जे खड्डे पडायचे, ते मृगात भरायचे आणि दिवाळीपर्यंत टिकायचे. पाण्याआधी मातीवर मृगाचे किडे यायचे, लाल मखमलीचे. ते आगपेटीत ठेवायचे. मग खदानीत पिवळेधमक बेडूक. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की वडील खूश, आणि पाऊस ओढ देऊ लागला की आम्ही पोरं जिवंत बेडूक बांधून धोंडी काढत घरोघर फिरायचो. बाया वरून पाणी ओतायच्या. त्या बेडकाला काय वाटत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

एकदा औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी सात ‘मासोळ्या’ भरून आणल्या. त्यांना पुढे पाय फुटणार, हे ठाऊक नव्हतं. सोबत चुकून एक मातकट, सहा पायांचा किडा आला होता. तो बाटलीच्या तळाशी मेल्यासारखा बसून राहिला. एक मासोळी जवळून गेली आणि त्याचा खालचा ओठ घडी उलगडावी तसा पुढे फेकला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत तीन मासोळ्या उरल्या होत्या. तो चतुराचा बालपणीचा अवतार होता, हे मला चाळिशी उलटल्यावर एका पुस्तकातून कळलं.

आताची खदान बघायची तर उन्हातान्हात बघावी लागते. एका दुपारी ढगफुटीसारखा कोसळतो, खदान काठोकाठ. मग वीस दिवस खंड, तळाला भेगा. पुन्हा कोसळतो, पुन्हा भेगा. डासाच्या अळीचं काम आठ-दहा दिवसांत होतं. घाईतल्या घाईतल्या चतुरालासुद्धा पाच-सहा आठवडे पाणी लागतं. म्हणजे खाणारा पोचेपर्यंत ताट उचललेलं. नव्यानं पाणी भरलं की पहिली येते ती डासाची मादी, आणि घर रिकामंच असतं. खाणाऱ्यांना दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

हा म्हातारपणाचा कांगावा असू शकतो, कारण पूर्वी पाऊस वेळेवर यायचा म्हणणाऱ्या आमच्याच पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं. २२ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली संग्रामपूर आणि जळगाव जामोदमध्ये अतिवृष्टीनं जे झालं, ते तर आम्ही घाटावरून बघितलंच. पण पाऊस बदलला की सगळीकडे सारखंच घडतं, असंही नाही. तिकडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत अननसाच्या कुळातल्या रोपांच्या पानांत ओंजळ-ओंजळ पाणी साठतं. सात ठिकाणच्या अशा ओंजळींत शास्त्रज्ञांनी पावसाचं प्रमाण मुद्दाम बदलून पाहिलं. प्रत्येक ठिकाणच्या जिवांनी निराळंच उत्तर दिलं. तेव्हा आमची खदान म्हणजे जग नव्हे, हेही कबूल.

आणि ते जुनं पाणी काही अमृत नव्हतं. पायविहिरीत उतरून, पाय बुडवून घागरी भरायचे तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्याच पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या जिवाच्या पोटातून नारू माणसात जायचा. वर्षभरानं पायाला फोड येई आणि हातभर लांब जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. २००० साली देश नारूमुक्त ठरला. पायविहिरी बुजल्या त्याचं दुःख करताना मी ती काडी आठवतो, आणि गप्प बसतो.

आता शेतात शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. पाणी टिकतं, पण बेडूक आत पडला तर गुळगुळीत काठावरून त्याला वर येता येत नाही. नाल्यांत, हौदांत गप्पी मासे सोडतात. तेही दक्षिण अमेरिकेतलेच. आमच्याकडे बाहेरून माणूस बोलावल्याशिवाय काम होत नाही. उरलेली डबकी घरात आली आहेत: कुलरची टाकी, गच्चीवरचं टायर, कुंडीखालची ताटली. डेंगीच्या डासाची अंडी तिथे महिनोन्महिने कोरडी राहूनही जगतात, म्हणून गावात आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळायची दवंडी असते. आम्ही पाण्यासाठी धोंडी काढायचो. नातू पाणी ओतून देण्यासाठी घरभर फिरतो. दोघांचा उत्साह तोच.

गेल्या सप्टेंबरात अशाच एका कोरड्या दिवशी अंगणात मुलाची काळी गाडी उभी होती, नुकतीच पुसलेली. एक चतुर तिच्या टपावर पुन्हा पुन्हा शेपटी टेकवत होता. चकाकणारं म्हणजे पाणी, एवढंच त्याला ठाऊक. ‘आजोबा, हा काय करतो?’ नातवानं विचारलं. ‘अंडी घालतो,’ मी म्हणालो. तो पळत आत गेला आणि कुलरमधून काढलेलं उरलंसुरलं पाणी बादलीत घेऊन आला. बादली गाडीशेजारी ठेवून आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. चतुर टपावरून हलेना.