नकाशावरचा कोरा चौकोन

या मालिकेत मी शक्यतो स्वतःविषयी लिहीत नाही. पण आजचा धागा शनिवारी सकाळी सात वाजता दार ठोठावणाऱ्या एका पोलिसापासून सुरू होतो, त्यामुळे इलाज नाही.

इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक सत्र मी सध्या जर्मनीत, ऱ्हाईनकाठच्या एका शहरात काढते आहे. आमच्या घरापासून तीनशे मीटरांवर नव्या इमारतीच्या पायासाठी खोदकाम चालू होते. शुक्रवारी संध्याकाळी तेथे यंत्राला लोखंड लागले. निघाला तो अडीचशे किलोंचा अमेरिकन बॉम्ब, सुमारे ऐंशी वर्षे तसाच पडून राहिलेला. शनिवारी दुपारपूर्वी पाचशे मीटरांच्या वर्तुळातील प्रत्येकाने घर सोडावे, असा हुकूम निघाला.

येथील लोकांना याचे फारसे अप्रूप नाही. कोणी कुत्र्याला घेऊन निघाला, कोणी पावाची पिशवी घेऊन. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी रुग्णवाहिका आल्या. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई तेवढ्या हटून बसल्या. त्या नव्वदीच्या आहेत. लहानपणी भोंगा वाजला की आईने तळघरात ओढत नेले होते, तर आताही तळघरातच बसते, असे त्यांचे म्हणणे. पोलीस पोरगेलासा होता. तो पायरीवर बसून त्यांना समजावत राहिला, की आजी, तेव्हा बॉम्ब वरून येत होता, आज तो खाली आहे. अर्ध्या तासाने त्या उठल्या. हातात चहाचा थर्मास आणि किल्ल्या, बाकी काही नाही.

आम्हांला एका शाळेच्या व्यायामशाळेत बसवले होते. गिरगावात राहणाऱ्या माझ्या आजीचा फोन आला. तिने पहिला प्रश्न विचारला, "अगं, तिथलं युद्ध संपलं ना?" मग १४ एप्रिल १९४४ची आठवण सांगितली. त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचे दोन स्फोट झाले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. जपानी विमाने आली अशी चाळीत हूल उठली आणि सगळे जिन्याखाली जमले. त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटाही होत्या, आणि गोदीतला गाळ काढताना त्या पुढे कित्येक दशकांनीही हाती लागल्या. आजीला त्या विटांचे फार कौतुक. "तुमच्याकडे बॉम्ब निघतात, आमच्याकडे सोनं निघायचं," असे म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी तीनच्या सुमारास बॉम्बचे दोन्ही फ्यूज काढल्याचे जाहीर झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही घरी परतलो. इथपर्यंतची गोष्ट इतकीच.

माझ्या दृष्टीने खरी अडचण रात्री सुरू झाली. मी या सत्रात जो निबंध लिहिते आहे, त्याचा विषयच हवाई हल्ल्यांतील नुकसानीचे नकाशे हा आहे. या नकाशांची ओढ मला मुंबईत असताना लागली, ती लंडनमुळे. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागातील लोक पडलेल्या घरांची पाहणी करीत आणि मोठ्या प्रमाणावरच्या सर्वेक्षण-नकाशांवर एकेक घर हाताने रंगवीत. समूळ नष्ट झाले तर काळा, दुरुस्तीपलीकडे गेले तर जांभळा, त्याखाली गडद तांबडा, फिकट तांबडा, नारिंगी, आणि नुसत्या किरकोळ पडझडीला पिवळा. व्ही-१ पडला तेथे मोठे वर्तुळ, व्ही-२ पडला तेथे लहान. २०१५ साली हे नकाशे पुस्तकरूपाने आले. ग्रंथालयात ते पहिल्यांदा उघडले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला ते सुंदर वाटले. त्यातला काळा रंग म्हणजे कोणाचे तरी घर होते, हे लक्षात यायला दोन-तीन पाने उलटावी लागली. त्याची लाज अजून वाटते.

जर्मन शहरांनीही असे नकाशे तयार केले. कोणती घरे पाडायची, कोणती दुरुस्त करायची, राडारोडा कोठून किती उचलायचा, हे ठरवण्यासाठी ते हवे होते. आमच्या शहराच्या नकाशावर मी तीन महिने बसले आहे. आमच्या वस्तीचा भाग त्यात बराचसा कोरा आहे. त्या आधारे मी निबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य लिहिले होते, 'हा भाग युद्धातून बचावला.' वाक्य छोटे, ठाम, आणि मला आवडलेले.

त्या रात्री खोदकामाची जागा नकाशावर शोधली. तो चार घरांच्या परसबागेचा चौकोन होता. पूर्ण कोरा.

यात नवल काहीच नाही, हे कळायला मला रात्र लागली एवढेच. नुकसानीचा नकाशा स्फोट झालेल्या बॉम्बचा असतो. न फुटलेला बॉम्ब भिंत पाडत नाही. मऊ जमिनीत जेमतेम हात-दोन हात रुंदीचे भोक पाडून तो चार-पाच मीटर आत जातो. त्याच रात्री शेजारची गल्ली जळत असेल, तर बागेतल्या भोकाकडे कोणाचे लक्ष जाणार? पावसाने ते बुजते. शिवाय जो भाग उद्ध्वस्त झाला, तो नंतर खणला गेला, नवे पाये घातले गेले, त्यात पुष्कळ बॉम्ब निघाले. जेथे घरे शाबूत राहिली, तेथे खणायचे कारणच पडले नाही. म्हणजे माझा कोरा भाग शाबूत होता हे खरे, पण निर्धोक होता असे मुळीच नव्हे. टाकलेल्या बॉम्बपैकी साधारण दहातला एक फुटला नाही, असा ढोबळ अंदाज नेहमी दिला जातो. जर्मन भाषेत अशा बॉम्बला 'ब्लिंडगेंगर' म्हणतात, शब्दशः 'आंधळा चालणारा'.

हे आंधळे शोधायला आज जे साधन वापरतात, ते मात्र डोळस आहे, आणि ते बॉम्ब टाकणाऱ्यांनीच मागे ठेवले आहे. प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर दोस्तांची टेहळणी विमाने त्या शहराची छायाचित्रे घेऊन जात. इंग्लंडमधील मेडमेनहॅम येथे स्त्री-पुरुष तज्ज्ञ ती स्टिरिओस्कोपखाली, जोडीजोडीने पाहत, म्हणजे उंची-खोली डोळ्यांना दिसे. प्रश्न एकच असे: काम पुरे झाले, की पुन्हा विमाने पाठवायची? (पेनेमुंडेच्या छायाचित्रांत व्ही-१ ओळखणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ तेथल्याच.) आज तीच छायाचित्रे मागवून जर्मन तज्ज्ञ त्यांत मोठी विवरे सोडून लहान काळे ठिपके शोधतात. अशा ठिपक्याला ते 'संशयबिंदू' म्हणतात. पुन्हा मारावे का हे ठरवण्यासाठी घेतलेले छायाचित्र आज बांधकामाचा परवाना देताना पाहिले जाते.

बर्लिनच्या उत्तरेकडील ओरानियेनबुर्ग हे गाव या बाबतीत सर्वांत दुर्दैवी. १५ मार्च १९४५ रोजी सहाशेहून अधिक अमेरिकन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. तेथे आउअर कंपनीचा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता, आणि तो रशियनांच्या हाती लागू नये हा त्यामागचा हेतू. बऱ्याच बॉम्बना उशिरा फुटणारे फ्यूज होते. आत ॲसिटोनची काचेची कुपी आणि सेल्युलॉइडची चकती. कुपी फुटली की ॲसिटोन चकतीवर पडते, चकती विरघळते, तिने अडवून धरलेली कळ सुटते आणि स्फोट होतो, काही तासांनी किंवा काही दिवसांनी. ढिगारा उपसायला आलेली माणसे सापडावीत, हाच त्यातला हिशेब. पण ओरानियेनबुर्गच्या मऊ मातीखाली गोट्यांचा टणक थर आहे. बॉम्ब त्यावर आपटून उलटले आणि नाक वर करून थांबले. ॲसिटोन चकतीपासून दूर ओघळले. उरली ती नुसती वाफ, आणि ती अजून चकती कुरतडते आहे. तेथे १९९० नंतर दोनशेहून अधिक बॉम्ब निघाले. २०१३ साली एका घराखाली निघालेला बॉम्ब निकामी करता येईना. तो जागीच फोडावा लागला, आणि त्याबरोबर घरही गेले. ते घर युद्धातून 'बचावलेले' म्हणायचे काय?

आता ज्या गोष्टीने माझे वाक्य अगदीच मोडले, ती. सगळे न फुटलेले बॉम्ब जमिनीत राहिले नाहीत. बरेचसे त्याच वेळी काढले गेले. लंडनमध्ये सप्टेंबर १९४० मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलपाशी रुतलेला बॉम्ब लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि सॅपर जॉर्ज वायली यांनी काढला. दोघांना जॉर्ज क्रॉस मिळाला. ते शौर्य खरेच. पण जर्मनीत हेच काम १९४० पासून छळछावण्यांतील कैद्यांकडूनही करवून घेतले गेले. डुसेलडॉर्फजवळ काल्कुम येथे अशा कैद्यांची तुकडी ठेवलेली होती. कैदी खणून बॉम्ब उघडा करीत. सुटकेचे आमिष दाखवले जाई. खणता खणता जे मेले, त्यांच्या जागी दुसरे आणले जात.

म्हणजे माझ्या नकाशावरचे काही कोरे चौकोन बॉम्ब न पडल्यामुळे कोरे नसतील. कोणी तरी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत तेथे खड्ड्यात उतरला, म्हणून ते कोरे राहिले असतील. नकाशात नुकसानीला रंग आहे, या माणसाला नाही. तो नकाशा करणाऱ्यांचा खोटेपणा नव्हे. त्यांना घरांची मोजदाद करायची होती. रंग नसलेल्या जागेला 'बचावली' म्हणण्याची घाई माझी होती.

रविवारी ते वाक्य खोडले. त्या जागी काय लिहायचे, यावर मार्गदर्शकांशी दोनदा बोलणे झाले. सध्या तेथे 'या भागातील इमारतींच्या नुकसानीची नोंद नाही' असे आहे. वाक्य रुक्ष आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द मला आता सिद्ध करता येतो.

आजीबाई काल जिन्यात भेटल्या. खड्डा बघून आले म्हणून सांगितले, तर म्हणाल्या, त्या बागेत आम्ही युद्धानंतर बटाटे लावायचो. किती खोल खणायचात, असे मी विचारले. त्यांनी हाताने गुडघ्याएवढे दाखवले.

पुढील धाग्यात काल्कुमच्या तुकडीविषयी सविस्तर लिहीन.