मागे जाण्याची मुभा

१९५२ च्या जानेवारीत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि तिथून तो मद्रास, दिल्ली, कोलकाता या शहरांतही गेला. त्यात अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ होता. आदल्या वर्षी व्हेनिसला या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला होता आणि जपानी सिनेमाकडे बाहेरच्या जगाचं नुकतंच कुठे लक्ष जात होतं. सत्यजित राय यांनी तो कोलकात्यात लागोपाठ तीन दिवस पाहिला. हे वाचल्यापासून मला त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचं कुतूहल आहे. पहिल्या दिवशी माणूस भारावून जातो. पुढचे दोन दिवस तो काय पाहायला जातो? जंगलात शिरणाऱ्या लाकूडतोड्याबरोबर काझुओ मियागावाचा कॅमेरा कुठून कुठे वळतो, पानांच्या जाळीतून थेट सूर्यावर रोखलेला तो कॅमेरा उजेडाचं काय करतो, हे बघायला जात असावा. भारावलेपण ओसरल्यावर कारागिरी दिसू लागते आणि ती नीट दिसली की माणूस पुन्हा भारावतो. हे दुसरं भारावणं अधिक टिकतं.

पण त्या काळी पुन्हा पाहायचं तर पुन्हा तिकीट काढावं लागे आणि तेही चित्रपट गावातून जाण्याआधी. पुढे चित्रपट मंडळांची चळवळ उभी राहिली. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झालं. पुण्यात तर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतंच. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी ओझू, मिझोगुची, कुरोसावा ही जपानी दिग्दर्शकांची नावं पहिल्यांदा ऐकली ती अशा ठिकाणी. मीही त्या ठिकाणांचाच ऋणी आहे. मात्र तिथेही चित्रपट एकदा दिसे आणि मग वर्षानुवर्षं फक्त आठवणीत राही. हे बदललं ते कॅसेट आणि डिस्कमुळे, आणि ती यंत्रंही बरीचशी जपाननेच जगाला दिली. १९७६ मध्ये जपानच्या व्हिक्टर कंपनीने व्हीएचएस आणलं. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, डीव्हीडी प्लेअर सर्वांत आधी जपानमध्ये विकायला आले. ज्या देशाने काळाचं इतकं सूक्ष्म भान असलेले चित्रपट बनवले, त्याच देशाने ते घरी नेऊन हवे तितक्या वेळा पाहायची सोयही केली.

या सोयीकडे आपण सवड किंवा आराम म्हणून पाहतो. मला तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मागे जाता येणं.

मिझोगुचीच्या ‘उगेत्सु’च्या (१९५३) शेवटाकडे कुंभार गेन्जुरो युद्धातून आणि एका मायावी मोहातून सुटून आपल्या गावी परततो. घरात अंधार आहे, चूल विझलेली आहे. तो बायकोला हाका मारत घरातून जातो, मागच्या दाराने बाहेर पडतो आणि घराला वळसा घालू लागतो. कॅमेरा आतच राहतो, खिडक्यांतून त्याचा माग घेत सावकाश पुन्हा पहिल्या जागी येतो. तिथे आता शेगडी पेटलेली आहे आणि मियागी बसून रांधते आहे. मध्ये कुठेही काट नाही. मियागी मारली गेली हे आपण आधीच पाहिलेलं आहे, तरी त्या क्षणी आपण तिच्या असण्यावर विश्वास ठेवतो, कारण सलग चाललेल्या नजरेने ती आपल्याला दाखवली आहे. चित्रपटगृहात हा प्रसंग अंगावर काटा आणतो आणि पुढे सरकतो. घरी मी तो लगेच मागे नेऊन पाहिला. कॅमेरा वळत असताना ती शेगडी किती वेळ आपल्या नजरेआड असते, दिवा कधी पेटवला गेला असेल, मियागी झालेली किनुयो तानाका कुठून येऊन बसली असेल, हे सगळं शोधलं. शोधून झाल्यावर चमत्कार ओसरेल असं वाटलं होतं. उलट तो वाढला. भुताला घरात आणायला मिझोगुचीला कॅमेऱ्याची कुठलीच चलाखी लागली नाही, नवरा घराला वळसा घालील तेवढा अवधी पुरला.

ओझूच्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) याहून साधी जागा आहे. लग्न ठरलेली नोरिको वडिलांबरोबर क्योतोला आली आहे. रात्री दोघं शेजारी अंथरुणावर आहेत. बोलता बोलता वडिलांना झोप लागते. नोरिको वर पाहत मंद हसते. मग एक फुलदाणी दिसते, तिच्यामागे कागदी दारावर बांबूच्या पानांच्या सावल्या. पुन्हा नोरिको, आता डोळे भरून येण्याच्या बेतात. पुन्हा तीच फुलदाणी. बस, एवढंच. या फुलदाणीवर पॉल श्रेडरपासून डेव्हिड बॉर्डवेलपर्यंत अनेकांनी लिहिलं आहे आणि प्रत्येकाला तिथे काही वेगळं सापडलं आहे. सामान्य प्रेक्षकालाही आता ही जागा स्वतः तपासता येते. मी प्रत्येक वेळी पाहतो तेव्हा मला जाणवतं की हसू आणि रडू यांच्यामधला प्रवास ओझूने नोरिको झालेल्या सेत्सुको हाराच्या चेहऱ्यावर दाखवलेलाच नाही. तो आपल्या पाठीमागे, आपण फुलदाणीकडे पाहत असताना होऊन गेला. घरातल्या माणसांचं दुःख असंच होऊन जातं. आपलं लक्ष दुसरीकडे असतं आणि मान वळवतो तेव्हा चेहरा बदललेला असतो.

‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पाहून झाल्यावर तर माझा एक नेम आहे. शेवट झाला की लगेच पहिली दहा मिनिटं पुन्हा लावायची. ओनोमिचीच्या घरात म्हातारा-म्हातारी मुलांकडे जायची बांधाबांध करत आहेत. हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडेच दिली. ती म्हणते, इकडे नाही. थोड्या वेळाने त्याच्याच सामानात ती सापडते. खिडकीशी शेजारीण येते, मुलं चांगली निघाली म्हणून कौतुक करते. पहिल्या वेळी हे सगळं गोष्ट सुरू होण्याआधीचं किरकोळ बोलणं वाटतं. शेवटी तीच शेजारीण त्याच खिडकीशी येते तेव्हा घरात एकटा म्हातारा उरलेला असतो. हे पाहिल्यानंतर पुन्हा सुरुवातीकडे गेलं की कळतं, त्या उशीच्या वादात आयुष्यभराचा संसार आहे. कुणीतरी ‘इकडे नाही’ म्हणणारं घरात असणं हेच सुख होतं आणि ते दोघांनाही सांगावं लागलं नव्हतं. ओझूने गोष्टीची सुरुवात शेवट माहीत असलेल्या माणसासाठीही लिहिली आहे. तशी ती पाहायला मिळावी म्हणून मी डिस्कचा फार आभारी आहे.

हे चित्रपट घरात शोभतात याला आणखी एक कारण आहे. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, तातामीच्या चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही थोडा खाली. जमिनीवर पंगती बसवणाऱ्या, भिंतीला टेकून गप्पा मारणाऱ्या आपल्या लोकांना ती उंची शिकावी लागत नाही. शिवाय त्याचे विषय घरचेच: मुलीचं लग्न, आईवडिलांचं म्हातारपण, बायकोशी न बोललेली गोष्ट. चित्रपट थांबवून पाणी प्यायला उठावं तर आपलंही माजघर त्याच्यासारखंच दिसू लागतं.

मात्र घराने हातात एक दुसरं बटणही दिलं आहे, पुढे जाण्याचं, आणि ते या चित्रपटांचं वैरी आहे. दोन प्रसंगांच्या मध्ये ओझू रिकामी गल्ली दाखवतो, दोरीवर वाळणारे कपडे, धूर सोडणारी चिमणी. तिथे काही घडत नाही म्हणून आपलं बोट शिवशिवतं. पण नुकतंच घडलेलं मनात उतरायला तीच जागा ठेवलेली असते. ती ओलांडली तर चित्रपटातला प्रत्येक संवाद ऐकूनही चित्रपट पाहिला असं होत नाही. या बाबतीत यंत्रसुद्धा नकळत घाई करत असे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी धावे. त्यामुळे १३६ मिनिटांची ‘टोकियो स्टोरी’ साडेपाच मिनिटं आधी संपायची आणि माणसांचे आवाज किंचित चढे लागायचे. ब्ल्यू-रेवर ती पुन्हा आपल्या चालीने चालते. कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४) परदेशात कितीतरी वर्षं कापून दाखवला गेला. आज २०७ मिनिटांचा संपूर्ण चित्रपट घरी मिळतो, त्यातल्या मध्यंतराच्या संगीतासकट. ते संगीतही मी पूर्ण ऐकतो. खेड्याने आणि सात जणांनी तयारीला घेतलेला वेळ आपणही द्यायचा, मगच शेवटच्या पावसातल्या चिखलाला वजन येतं.

त्या पावसासाठी पडदा मोठाच हवा, हेही कबूल केलं पाहिजे. घरातलं पाहणं चित्रपटगृहाची जागा घेत नाही. लहान पडद्याने या चित्रपटांवर अन्यायही बराच केला. ‘हाय अँड लो’चा (१९६३) पहिला मोठा भाग एका दिवाणखान्यात घडतो. अपहरणकर्त्याने मालकाच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरचं पोर उचललं आहे. रुंद चौकटीत मालक, बायको, पोलीस अशी माणसं मांडलेली असतात आणि त्यांच्यापासून दूर मान खाली घालून तो ड्रायव्हर उभा असतो. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा छाटल्या की जवळपास चाळीस टक्के चित्र जायचं. कडेला उभा असलेला बापच चौकटीबाहेर गेला तर त्या प्रसंगाचा नैतिक पेच उरतो कुठे? ‘राशोमोन’च्या वेशीवरचा पाऊस आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसावा म्हणून कुरोसावाने पाण्यात काळी शाई मिसळली होती. घासलेल्या कॅसेटवर ती शाई राखाडी धुक्यात विरघळून जाई. ओझूने पहिल्या रंगीत चित्रपटासाठी, १९५८ च्या ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’साठी, लाल रंग चांगला उमटतो म्हणून आग्फाची फिल्म निवडली आणि घरात एक लाल किटली ठेवली. विटक्या प्रतीत ती किटली तपकिरी झाली तर ओझूचा अर्धा विचार पुसला जातो.

म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्यांचं काम मला दिग्दर्शकाच्या कामाइतकंच आदरणीय वाटतं. ‘टोकियो स्टोरी’चं मूळ निगेटिव्ह आगीत गेलं. आपण पाहतो ती नंतरच्या प्रतींवरून कष्टाने उभी केलेली आहे. ‘उगेत्सु’ २०१६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने आणि जपानच्या कादोकावाने पुन्हा उजळली, तेव्हा तिचाही कॅमेरा सांभाळणाऱ्या मियागावाचे जुने साहाय्यक मासाहिरो मियाजिमा छायांच्या निवडीसाठी हजर होते. सरोवरावरचं धुकं किती दाट असावं हे गुरूच्या हाताखाली काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सोपवलं गेलं.

आणि जे टिकलंच नाही त्याचा विचार केला की हाती आहे त्याची किंमत कळते. सादाओ यामानाकाने कोवळ्या वयात विसाहून अधिक चित्रपट केले. १९३७ मध्ये ‘ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स’ प्रदर्शित होत असतानाच त्याला सैन्यात बोलावणं आलं आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये तो आजाराने गेला. वय २८. त्याचे तीन चित्रपट उरले आहेत. भूकंप, बॉम्बहल्ले, पेट घेणारी जुनी फिल्म आणि माणसांची बेफिकिरी, या सगळ्यांतून जपानचा युद्धपूर्व सिनेमा थोडाच हाती आला. यामानाकाचे ते तिन्ही चित्रपट आज एका डब्यात मावतात. ‘ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स’मधली, गरीब वस्तीतल्या बेकार सामुराईची गोष्ट मी पाहतो, तेव्हा एका माणसाचं अख्खं उरलेलं आयुष्य माझ्या कपाटात आहे याचं ओझंही वाटतं. ते कपाटात पडून राहिलं तर जपून ठेवण्याला अर्थ राहत नाही.

मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी बेन्शी उभा राहून चित्रपट बोलका करत असे. कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो तसाच एक बेन्शी होता. डिस्कवर अभ्यासकांनी केलेलं समालोचन ऐकताना मला त्या परंपरेची आठवण होते. ‘राशोमोन’वर डोनाल्ड रिची बोलतात तेव्हा जपानमध्ये आयुष्य घालवलेला एक रसिक शेजारी बसल्यासारखा वाटतो. पण त्यांना बोलवायचं ते तिसऱ्या वेळी. आधी दोनदा आपण आणि चित्रपट, एवढेच असावेत.

कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं तर मी यादी देत नाही, मिकिओ नारुसेचं एक नाव सांगतो: ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’, १९६०. हिदेको ताकामिने यात गिन्झामधला बार सांभाळणारी विधवा केइको झाली आहे. रोज संध्याकाळी तिला तो जिना चढावा लागतो आणि तो चढणं तिला नको असतं. चित्रपटभर ती तो पुन्हा पुन्हा चढते. पायऱ्या त्याच असतात, पावलंही तीच, पण आधीच्या प्रसंगाने प्रत्येक चढण्याचा अर्थ बदललेला असतो. हा चित्रपट दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, न थांबवता एकदा पाहावा. आठवड्याने पुन्हा पाहावा आणि या वेळी हवं तिथे मागे जावं. मग पाच-दहा वर्षांनी, आपलं काही हरवलं किंवा काही मिळालं की पुन्हा काढावा. तेव्हा जे नवं दिसेल ते चित्रपटात पहिल्यापासून होतं. ते दिसण्याइतके आपण तयार व्हायचे होतो. घरात आलेल्या या चित्रपटांनी आपल्याला तयार व्हायला मुदत दिली आहे. ती वाया घालवू नये.