सहकारनगरचं कपाट

आमच्या घरातलं सागवानी कपाट आम्ही विकत घेतलेलं नाही, वाटणीतही आलेलं नाही. ते पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या एका काकूंनी दिलं. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. नको असलेल्या वस्तू फुकट देण्या-घेण्याच्या फेसबुकवरच्या एका ग्रुपात त्यांनी लिहिलं होतं: "सागवानी कपाट, 1966 सालचं. उंची साडेसहा फूट. उजव्या दाराची बिजागरी सैल आहे. खालच्या फळीला ओलीचा डाग आहे, वाळवी नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पैसे नकोत, वापरणारं घर हवं."

तो मजकूर मी अजून जपून ठेवलाय. फुकट देणाऱ्यांपैकी बरेच जण फोटो टाकतात आणि 'लगेच उचला' एवढंच लिहितात. काकूंनी दोष आधी सांगितले, मापं सांगितली, जिनासुद्धा सांगितला. देणाऱ्याने वस्तूची अशी खरी ओळख करून दिली की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. हे मी त्यांच्याकडून शिकले.

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या पुढे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीची वाट बघणारी माणसं अजून वेल्हंच म्हणतात. घर नव्याने बांधलं तेव्हा पैसे छपरापर्यंतच पुरले. आत सामान असं काहीच नव्हतं. कपडे दोरीवर आणि धान्य कणगीत. स्वस्तातलं नवं कपाट घ्यावं तर ते भुशाच्या बोर्डाचं. आमच्याकडे जूनपासून भिंती पाझरतात, आणि असलं कपाट एका पावसाळ्यात बुडाशी फुगतं, दारं लागेनाशी होतात. लोखंडी कपाटाला पायाकडून गंज चढतो. या मावळात टिकतं ते जुनं सागवान. शहराला नेमकं तेच नकोसं झालंय, कारण नव्या फ्लॅटमध्ये कपाटं भिंतीतच बसवून मिळतात. काकूंची सोसायटीही रीडेव्हलपमेंटला निघाली होती.

फोनवर त्यांनी विचारलं, "कपाट नेणार कुठे गं?"

"वेल्ह्याला. आईचं माहेर पानशेतकडचं, आम्ही मार्गासनीच्या बाजूचे."

पानशेतचं नाव ऐकून त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ये, चहाला ये. कपाट नंतर."

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत राहत होत्या, शाळकरी वयाच्या. सकाळी धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही; पाणी पुण्यात शिरलं. ते ओसरल्यावर घरात चिखलाशिवाय काही उरलं नव्हतं. पुढचे कित्येक महिने त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू कुणीतरी दिलेली होती. पातेली, सतरंजी, वडिलांचा कोटसुद्धा. देणाऱ्या माणसांची नावंही त्यांना कळली नाहीत. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, तिथे त्यांना घर मिळालं. वडिलांच्या हातात पैसे आल्यावर त्यांनी सुताराला बसवून घरात पहिली लाकडी वस्तू करून घेतली, ती हे कपाट. "आम्हाला दिलं त्यांना परत कसं करणार?" काकू म्हणाल्या. "म्हणून पुढे द्यायचं."

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आईचं आजोळ, माहेर, सगळं मूळ गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली आहे. आईने ते पाहिलेलं नाही; तिचा जन्म वर सरकलेल्या वाडीतला. पुष्कळ घरं दौंडकडे जमिनी घेऊन गेली. आजोबा गेले नाहीत. दाराची चौकट आणि दोन तुळया खांद्यावर घेऊन ते डोंगराच्या कडेला चढले. भोरच्या बाजूला भाटघर धरणाच्या पाण्याने हेच 1920 च्या दशकात केलं होतं. पानशेतचं धरण 1972 ला पुन्हा उभं राहिलं आणि पुण्याचे नळ त्याच्यावर चालू लागले.

आई एवढंच म्हणाली, "त्यांचं घर नेलं त्याच पाण्याने आपलं नेलं. जा, घेऊन ये." आणि इंद्रायणी तांदळाचं पोतं बांधायला बसली. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. दोन पोहे का होईना, टाकून पाठवतात.

कपाट आणलं ते गावातल्या तात्यांच्या भाजीच्या टेम्पोने. पहाटे मार्केट यार्डात काकडी उतरवली की गाडी मोकळी, आणि सहकारनगर तिथून जवळ. त्या मोकळ्या परतीवरच हा सगळा व्यवहार उभा आहे. नाहीतर फुकटच्या कपाटाला गाडीभाडं पडलं असतं आणि माझ्यासारखीने नाद सोडला असता. तात्यांनी पैसे घेतले नाहीत. पाबे घाटाच्या वळणांवर कपाट हलेल म्हणून नसरापूरच्या रस्त्याने लांबून आले. सोबत आलेल्या भोरच्या एका सुतारदादांनी दारं आधीच उतरवून दिली होती. स्क्रू आणि बिजागऱ्या त्यांनी कापडी पिशवीत घालून वरच्या खणात बांधल्या, म्हणजे घरी जोडताना काही हरवू नये. कपाट उभं करताना त्यांनी पायांखाली दगडाच्या चिपा दिल्या आणि मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडायला लावली, वारा खेळावा म्हणून. ती जागा मी अजून कुणाला भरू देत नाही.

फुकट देण्या-घेण्याचे असे ग्रुप इतरत्रही आहेत. अमेरिकेत 2003 साली टुसान शहरात 'फ्रीसायकल' सुरू झालं आणि 2013 मध्ये अमेरिकेतच 'बाय नथिंग'. दोन्हींचा नियम एकच, वस्तू द्यायची आणि पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे चांगली वस्तू कचऱ्यात जायची वाचते, हे मोठंच काम आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेची माणसंही अशा वस्तू गोळा करून पुन्हा वापरात आणतात. पण पैसे नसले की हिशेब संपला, असं मात्र मला वाटत नाही. विकत घेतलेल्या वस्तूचा दुकानदार मी केव्हाच विसरले. काकूंचा फोन दर पंधरवड्याला येतो. कपाट कसं आहे, पाऊस किती झाला, धरण किती भरलं.

कपाटानंतर त्या फेसबुक ग्रुपातून आमच्या खोऱ्यात टेबलं आली, पाळणा आला, शाळेत फळ्या आल्या. तात्या आता स्वतःच विचारतात, "काही उचलायचंय का?" प्रत्येक वेळी मी देणाऱ्याला आधी विचारते: डाग कुठे आहे, जिना कसला, किती माणसं लागतील? आणि घेणाऱ्या घराला सांगते, गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही. कुणी नाचणी देतं, कुणी करवंदांचं लोणचं.

परवा काकूंनी सांगितलं, त्यांच्या सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन आहे, पट्टा नवा बसवावा लागेल, बाकी उत्तम चालतं. आईने वाडीतल्या शिवण शिकलेल्या दोघी मुलींना बोलावून घेतलं आहे. मशीन कुणाकडे ठेवायचं ते त्या ठरवतील. आणि भात झोडून झालं की काकूंना चार दिवस इकडे घेऊन यायचं, हे आईने माझ्यावर सोपवलंय. त्या हो म्हणाल्यात. त्यांना पानशेतचं पाणी वरून बघायचंय, आणि आईला त्यांना जलाशयाच्या काठावर उभं करून आपलं गाव कुठे होतं ते दाखवायचंय.