उन्हाचा धंदा आणि अदृश्य नाणें

खोपोलीच्या टाटा वीजगृहांत १९१५ सालीं घाटमाथ्यावरचें पाणी उतरूं लागलें आणि आमच्या खालापूर तालुक्यांत निपजलेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे चालली. १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजगृह सुरू झालें. तेथलीहि वीज त्याच वाटेनें गेली. वरून तारा जात आणि खालीं आपण रॉकेलच्या दिव्याशीं अभ्यास करीत असूं, असें आमचे वडील सांगत. म्हणूनच माझ्या पुतण्यानें कर्जतेस घरगुती सौरविजेच्या उपकरणांचें दुकान काढलें, तेव्हां घरांत सर्वांस कौतुक वाटलें. वहिनींनीं तर त्याच्या भांडवलासाठीं आपल्या पाटल्या मोडल्या.

मार्च २०२२ च्या अखेरीस खालापूरकडे बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनीं ३ किलोवॅटचा संच मागितला. किंमत १ लाख ८० हजार रुपये ठरली. मात्र ती ते बिटकॉइनमध्यें देणार होते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर खल सुरू झाला. वर्तमानपत्रें वाचून मीं थोडी माहिती जमविली होती, ती मीं मोठ्या ऐटीनें सांगितली. २००९ पासून चालत आलेलें हें चलन कोणत्याहि सरकारचें नाहीं. त्याची खातेवही हजारों संगणकांवर एकाच वेळीं लिहिली जाते, त्यामुळें एकट्यादुकट्यास तींत खाडाखोड करतां येत नाहीं. बँकांनीं या व्यवहारांपासून दूर राहावें, असें रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं काढलेलें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केलें. तें बाळगणें गुन्हा नाहीं, पण तें कायदेशीर चलनहि नाहीं.

वहिनींनीं सर्व ऐकून मुलास एवढेंच विचारलें, "पॅनेलें देणाऱ्या व्यापाऱ्याला तूं काय देणार?"

"रुपये."

"मग हातीं आलें कीं त्याच दिवशीं मोडून टाक."

सल्ला सोपा होता; परंतु मी मध्यें पडलों. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याच नाण्याचा भाव ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता, आतां तो ४५ हजारांच्या आसपास आहे. थोडें थांबल्यास संचाच्या नफ्यावर आणखी नफा, असें मीं सुचविलें. "काका म्हणतात तर थांबूं," असें पुतण्या म्हणाला.

जून २०२२ मध्यें भाव २० हजारांच्याहि खालीं गेला. तोंवर व्यापाऱ्याचा तगादा लागला होता. वस्तु-सेवा-करहि रुपयांतच भरावयाचा होता. अखेर नाणें मोडलें, तेव्हां मूळ रकमेच्या निम्मेहि पदरीं पडले नाहींत. त्यांतून १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा कीं, अशा व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर, आणि तोटा मात्र दुसऱ्या कोणत्याहि उत्पन्नांतून वजा करतां येत नाहीं. राहिलेली तूट मीं माझ्या ठेवींतून भरली. वहिनींनीं पाटल्यांचा शब्दहि काढला नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

विचार करतां दोष ग्राहकाचा दिसत नाहीं. त्यानें ठरलेलें मोल ठरलेल्या दिवशीं दिलें. विकणाऱ्याचें काम माल देऊन मोल घेण्याचें. आम्हीं मोल घेतलें आणि नंतर तेंच डावावर लावलें. दुकानदाराचा जुगारी कधीं झाला, हें आम्हांस कळलेंहि नाहीं.

याच पुतण्यानें आपल्या मालाविषयीं कधीं लपवाछपवी केली नाहीं. ३ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें १२ युनिटें देतो. पण आमच्याकडील आषाढ-श्रावणांत ढग हटत नाहींत, तेव्हां वीज बरीच कमी येईल, असें तो प्रत्येकास आधींच सांगतो. उन्हाच्या पावसाळ्याची खबर आम्हांस होती. नाण्याच्या पावसाळ्याची मात्र मीं त्यास आठवण दिली नाहीं.

फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजनेंत ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजारांचें अनुदान ठरलें, तेव्हांपासून दुकानांत विचारणा वाढली आहे. मध्यंतरीं एका तरुण ग्राहकानें पुन्हां त्या नाण्याचा विषय काढला. मी तेथेंच बसलों होतों. पुतण्यानें हंसून भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बोट दाखविलें, "किंमत रुपयांत आहे. नाणें मोडून या, संच उद्यां बसवितों."

मी या वेळीं कांहीं बोललों नाहीं.