चाकांवरच्या घराचें पोट

घराची निगा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें छप्पर, भिंती आणि अंगण हीं उभीं राहतात. कोंकणांत मृग लागण्यापूर्वीं शाकारणी झाली, पडवीस झापें बांधलीं, कीं गृहस्थ निश्चिंत होतो. कारण आपल्याकडील संकट बहुधा वरून येतें. परंतु जें घर चाकांवर बसून रस्त्यानें धांवतें, त्याचें संकट खालून येतें, आणि त्याच्या निगेचा आरंभही खालूनच करावा लागतो.

अशा घराचा परिचय मला अमेरिकेंत झाला. माझा मुलगा इंडियाना राज्यांत नोकरीस आहे. त्याच राज्यांतील एल्कहार्ट हें शहर प्रवासी गाड्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मोटारीमागें जोडून ओढून न्यावयाचें एक घर त्यानें घेतलें आहे. त्यास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आंत चूल, न्हाणी, निजावयाच्या फळ्या, सर्व आटोपशीर. पाहुण्यांस तें कौतुकानें दाखवितात. गाडीच्या पोटाकडे मात्र कोणी वांकून पाहत नाहीं.

हें पोट म्हणजे काय, तें सांगतों. तळाशीं लोखंडी चौकट, तिच्यावर लांकडी जमीन. जमिनीखालच्या पोकळींत स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची अशा टाक्या, शिवाय नळ व तारा. या सर्वांस खालून झांकणारें जें अस्तर, तें बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकच्या पोकळ, पन्हळी तक्त्यांचें असतें. निवडणुकीच्या दिवसांत तिकडे अंगणोअंगणीं ज्या पाट्या रोवतात, त्यांतल्या पुष्कळ याच जातीच्या. एअरस्ट्रीमसारख्या गाड्यांचें पोट अॅल्युमिनियमचें असतें. पण लोखंडाशीं संबंध येऊन मध्यें ओल राहिली, कीं अॅल्युमिनियम खाल्लें जातें. प्लास्टिक गंजत नाहीं, पण फाटतें. निर्दोष असें कोणतेंच नाहीं.

अस्तराचें काम दुहेरी. रस्त्यावरील चिखल, पाणी व खडे तें अडवितें. आणि पुष्कळ गाड्यांत आंतील भट्टीची उष्ण हवा या पोकळींत सोडलेली असते, ती तें राखतें. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. म्हणून तेथील हिंवाळ्यांत उघडा नळ फुटावयास वेळ लागत नाहीं. मात्र जें बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, तें आंतलें पाणी बाहेरही जाऊं देत नाहीं. झांकणाचा हा दुसरा गुण लोक विसरतात.

गेल्या वसंतांत याचा प्रत्यय आला. मुलांच्या सुटींत सहलीस निघावयाचें ठरलें होतें. दोन दिवस आधीं सूनबाईंच्या नजरेस आलें, कीं अस्तरास मध्यभागीं झोळ आला आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, खालून चिकटपट्टी मारतों. परत आल्यावर पाहूं.” सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “ज्या फळीवर मुलें निजणार, तिच्याखालीं काय आहे तें पाहिल्यावांचून मी त्यांना निजवणार नाहीं.” शाळेंत अनुमान शिकवितांना मी पर्वतावरील धुराचें जुनें उदाहरण देत असें: धूर दिसला, कीं अग्नि न दिसतांही मानावा. येथें झोळ हा धूर होता. मीं सूनबाईंचा पक्ष घेतला.

झोळाच्या तळाशीं लहानसें छिद्र पाडतांच पाण्याची धार लागली. तक्ता उतरविल्यावर आंतील उष्णतारोधक लोकर भिजलेल्या गोधडीप्रमाणें लोंबत होती, आणि वरच्या लांकडांत पेंचकसाचें टोंक सहज शिरलें. एका नळाचा सांधा सुटला होता. शरद ऋतूंत एका दुरुस्तीवाल्यानें त्याच जागीं बाहेरून सुबक ठिगळ लावून पैसे घेतले होते. आंत डोकावण्याचे श्रम मात्र त्यानें घेतले नव्हते. सहल रद्द झाली. नातवंडें दोन दिवस माझ्याशीं बोललीं नाहींत. पण निजावयाच्या जागेखालची कुजकी फळी बदलली गेली.

पुढें मुलानें जी रीत बांधली, ती प्रत्येक गाडीवाल्यानें अनुसरावी अशी आहे. सपाट जागीं, चाकांस ठोकळे लावून, चौकटीखालीं लोखंडी आधार दिल्यावरच खालीं शिरावें; नुसत्या जॅकवर विश्वसूं नये. डोळ्यांस चष्मा असावा. अस्तर हातानें चांचपावें. झोळ किंवा ओल आढळल्यास मूळ शोधून, सर्व सुकवून, मगच बंद करावें. स्क्रूखालीं रुंद वॉशर घालावा, म्हणजे तक्ता फाटून सुटत नाहीं. पुढच्या तक्त्याची मागील कड पुढल्याच्या मागच्या तक्त्याखालून यावी. कौलांवरून जसें पाणी ओघळतें, तसा वारा तिच्यावरून सरकतो. उलट बसविल्यास वेगानें जातांना वारा फटींत शिरून तक्ता उचकटतो. या प्लास्टिकास साधा सरस धरत नाहीं. चिकटपट्टी पृष्ठभाग स्पिरिटानें पुसल्यावरच लावावी, व तिच्यावरच सारा भार टाकूं नये.

नळांभोंवतालच्या भोकांकडे विशेष लक्ष द्यावें. सुमारें ६ मिलिमीटरच्या भोंकांतून उंदीर आंत जातो. पोलादी तारेचा बोळा ओलीनें गंजतो. तांब्याच्या जाळीचा बोळा टिकतो. ही केवळ नासधुशीची गोष्ट नव्हे. १९९३ सालीं, युटा, कोलोरॅडो, अॅरिझोना व न्यू मेक्सिको हीं राज्यें जेथें मिळतात त्या प्रदेशांत, हंटा विषाणूच्या रोगानें माणसें दगावलीं. तो विषाणू तेथील रानटी उंदरांच्या मलमूत्रांतून व त्याच्या धुळीवाटे श्वासांत शिरतो. म्हणून लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. हवा खेळवून, हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यानें भिजवून मगच पुसाव्यात.

जें दिसतें तें लखलखीत ठेवण्यास लोकलज्जा पुरते. जें दिसत नाहीं, तें स्वच्छ ठेवण्यास ममता लागते. ज्या गृहिणीनें पाहुण्यांस न दाखवावयाच्या जागीं आधीं वांकून पाहिलें, तिच्याच मुलांचें अंथरूण कोरडें राहिलें.