यंदा भिंतीला काय?

हलके धान कापणीला आले आणि पहाटेच्या हवेत थोडा गारवा उतरला की गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत भिंतींचे दिवस सुरू होतात. चार महिने पावसाने झोडपलेल्या, ठिकठिकाणी पोपडे धरलेल्या भिंती आता बायाबापड्यांच्या हाती येतात. आठवडी बाजारात छुईच्या ढेकळांचे ढीग दिसू लागतात. छुई म्हणजे आमच्याकडची पांढरी माती. रात्री भिजत घालावी, सकाळी ढवळून गाळावी आणि फडक्याच्या पोतेऱ्याने भिंतीवर ओढावी. ओली असताना ती मळकट दिसते आणि नवख्या माणसाला वाटते, काम फसले. पण दुपारचे ऊन फिरले की भिंत आपली आपण उजळत जाते.

गोरेगाव तालुक्यातले आमचे घर दोन जातींचे आहे. पुढची बैठक विटा-सिमेंटची. मागच्या दोन खोल्या वडिलांच्या वेळच्या, हातभर रुंद मातीच्या भिंतींच्या, वर कवेलू. यंदा या मागच्या खोलीचा भाव वधारला. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आहे आणि तिला हीच खोली हवी आहे. शिवाय तिथेच माझ्या आईची खाट आहे. आईचे वय 80च्या पुढे आणि जोडीला दमा. म्हणजे एक जीव येणारा, एक जपायचा, आणि दोघांच्या उशाशी एकच भिंत.

चिरंजीवांनी नागपुराहून फोनवर रंगाचे कार्ड पाठवले. फिकट पिस्ता, धुता येणारा, पाच वर्षे पुन्हा बघायला नको. त्यात भावाची माया होती. म्हणून मी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेला परत देते. तिच्यावर प्लास्टिक रंगाचा पापुद्रा बसला की देण्याची वाट बंद होते. ओल आतच कोंडते, रंगाला फुगे येतात आणि एके दिवशी तो मातीची खपली घेऊनच खाली येतो. आमच्या आळीतल्या एका घरी हा प्रकार सगळ्यांनी पाहिला आहे. छुईचे आणि चुन्याचे तसे नाही; त्यांच्यातून भिंत वाळत राहते. वासाचेही तसेच. पुष्कळ रंगांत, विशेषतः तैलरंगांत, अशी द्रव्ये असतात की रंग वाळताना ती हवेत उडून जातात. आपण ज्याला नव्या रंगाचा वास म्हणतो तो त्यांचाच. धडधाकट माणूस खिडकी उघडतो. दमेकऱ्याने काय करावे?

आणि पोरे भिंती चाटतात. खुद्द चिरंजीवांनी मागच्या खोलीचा एक कोपरा चाटून खोलगट केला होता, असे आई सांगते. माती चाटून पोटात जंत होण्याचे भय असते खरे, पण रंगातल्या शिशाचे भय त्याहून मोठे. ते लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्याआधीचे तैलरंग जुन्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर असतीलच. ते कोरडे घासून धूळ उडवू नये, हे रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवावे. आणि गर्भार बाईने त्या वेळी घरात थांबूच नये.

चिरंजीवांची दुसरी हरकत अशी की, मातीच्या भिंती गरिबांच्या. मी त्यांना सेवाग्रामची आठवण दिली. 1936 साली गांधीजी तिथे राहायला गेले. मीराबेनने तिथल्या मातीच्या भिंतीवर उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहायला मिळतो. त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, गांधीजींचे राहू द्या. दरवर्षी पोतारणार कोण?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. छुई स्वस्त, कारण तिच्यावर झिजणाऱ्या हातांची मजुरी कोणी मांडत नाही. आमच्या घरी ते हात आधी आईचे, मग सौ.चे. आणि ती खणणारे हात आणखी वेगळे. डिसेंबर 2022 मध्ये छत्तीसगडात, बस्तरच्या मालगावात छुई खणताना खाण ढासळली आणि माणसे गाडली गेली. ते वाचल्यापासून बाजारात छुईवालीशी घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

बैठकीपुरता तंटा लवकर मिटला. सौ.चे मत चुन्याचे. कळीचा चुना विरवून, गाळून, थोडी नीळ घालून दिलेला हात; बुरशी त्याच्या तिखटपणापुढे टिकत नाही. भट्टीत त्याने हवेत सोडलेला वायू तो भिंतीवर वाळताना काही अंशी परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. फक्त डोळे सांभाळावेत. मला मात्र खादी ग्रामोद्योग आयोगाचा शेणाचा रंग करून पाहायचा होता. 12 जानेवारी 2021 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते तो बाजारात आला. डिस्टेंपर आणि इमल्शन, दोन्ही प्रकारांत मिळतो. आईला सांगितले तेव्हा खोकला येईपर्यंत ती हसली. "गोठ्यात फुकट पडलेलं शेण डब्यात घालून विकत घेणार होय रे?" शेवटी सिमेंटच्या बैठकीला चुनाच ठरला.

मागच्या खोलीला छुई. पोतारणार कोण, याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यानेच दिले: चार दिवसांची रजा टाकून तो आला आणि बनियन घालून भिंतीपुढे उभा राहिला. पहिला हात आडवा, दुसरा उभा, असे आई खाटेवरून सांगत होती. कोपरे त्याला साधले नाहीत, ते सौ.ने केले.

दारांचे अजून ठरायचे आहे. आमच्या बांध्यांत धानामागून लाखोळीबरोबर जवस येतो. त्याचेच तेल लाकडाला चोळावे, असे माझे मत. ते वाळायला फार दिवस घेते आणि हाताला चिकटते, असे सौ. म्हणते. लेक यायला अजून तीन आठवडे आहेत.